पुढे तोंड असलेली सीट

‘पुणेकर, ही व्हॅन ज्याने तुला विकली, त्याचं तुझ्याशी नेमकं काय वैर होतं?’

दिगंबर सबनीस माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. आधी ओळख नाही की नमस्कार नाही. आवाज मात्र इतका मऊ, की लांबून बघणाऱ्याला वाटावं हे गृहस्थ कुणाच्या तब्येतीची चौकशी करताहेत. मी आनेकलजवळच्या एका माणसाकडून ती व्हॅन नुकतीच घेतली होती. तो तिच्यातून शाळेची मुलं पोचवायचा. सबनीस वाकले, पायाखालचा रबरी गालिचा त्यांनी दोन बोटांनी उचलला आणि खाली तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता तो जमलेल्या सगळ्यांना दाखवला. डब्यावरचं सूर्यफूल अजून ओळखू येत होतं. सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

बंगलोरात बेळ्ळंदूरला ऑफिसांच्या रांगेमागे एक मोकळी जागा आहे. तिथे आम्ही जुन्या व्हॅनवाले दर रविवारी सकाळी जमतो. आमच्या या व्हॅन म्हणजे चाकांवर ठेवलेले डबेच. त्यांना पुढे नाक नाही. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे उन्हाळ्यात बूड भाजतं. दार सरकवलं की अख्ख्या गल्लीला कळतं कोण कुठे निघालं. शहाण्या माणसांनी त्या केव्हाच विकून टाकल्या. आम्ही त्या ठेवल्या, आणि नुसत्या ठेवल्या असत्या तरी घरच्यांनी सहन केलं असतं, पण आम्ही त्यांत नाही नाही ते बसवलं. एकाने छताला झुंबर लावलंय. एकाने देव्हारा केलाय, ब्रेक दाबला की त्याची दारं उघडतात. बायकामुलांना आमच्यापासून काय त्रास आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण रविवार आला की आम्ही तिथे असतो.

या सगळ्यांत सबनीस सरांचा शब्द शेवटचा. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून त्यांची नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर कर्मचाऱ्यांच्याच वसाहतीत त्यांनी घर बांधलं. उंच, सडपातळ, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि दोरीला बांधलेला लोहचुंबक. इतकी वर्षं बंगलोरात काढून त्यांचं कन्नड रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरतं होतं, तेही ते जरा दरडावूनच बोलत. गाडीला नाव ठेवणाऱ्यांची त्यांना चीड होती. ‘आज नाव ठेवलंत, उद्या पत्रिका कराल,’ म्हणायचे.

त्यांची स्वतःची व्हॅन बघायला लोक लांबून यायचे. छतात हवेसाठी भोक, त्यावर स्टीलच्या परातीचं झाकण, आतून दांडा फिरवला की वर उचललं जाई. मागे घडीचं टेबल. टेबलाशेजारी खरोखरचा नळ, त्याला छतावरच्या टाकीतून पाणी. कुकर ठेवायला लोखंडी कडं आणि कुकरला सीटबेल्ट. हा सीटबेल्ट बघून मी पहिल्यांदा खळखळून हसलो होतो. त्यावर सर शांतपणे म्हणाले, ‘हसतोस काय? अपघातात सगळ्यात आधी कुकर उडतो.’

त्यांच्या लोहचुंबकाची आम्हाला सगळ्यांना दहशत होती. जुन्या गाडीचा पत्रा कुठे चेपला असेल तर लोक खळग्यात पुट्टी भरतात आणि वर रंग मारतात. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. चुंबक मात्र पत्र्याला चिकटतो, पुट्टीवरून घसरतो. सर चुंबक हातात घेऊन गाडीभोवती फिरू लागले की मालकाचं तोंड उतरायचं.

आमच्यात प्रवीण म्हणून एकजण आहे. चिकपेटेत साड्यांचं दुकान, घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलं, मराठी घरापुरतं. त्याचे वडील गेले तेव्हा दुकानाचे गठ्ठे वाहणारी त्यांची व्हॅन त्याच्याकडे आली. त्याने ती फार मनापासून सजवली. खाली मरून रंग, वर सायीचा, सीटना रेशमी काठांची खोळ. पुढच्या काचेजवळ वडिलांचा छोटा फोटो. ती घेऊन तो पहिल्यांदा आला त्या रविवारी आम्ही सगळे तिच्याभोवती गोळा झालो. सर आले, त्यांनी चुंबक काढला आणि डाव्या बाजूने सुरुवात केली. मागच्या चाकाच्या वर चुंबक घसरला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा घसरला.

‘इथे हातभर पुट्टी आहे,’ सर म्हणाले. ‘काम जुनं आहे. तुझ्या वडिलांनी गाडी कुठेतरी चांगली ठोकली होती आणि गुपचूप भरून घेतली. घरी बोलले होते?’

प्रवीणचा चेहरा पडला. ‘अण्णा, स्वल्प बघून बोला की. ते गेले हो.’

‘ते गेले. पुट्टी आहे.’

प्रवीणने सरकतं दार लावलं आणि तो निघून गेला. मला त्या क्षणी सरांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण गंमत पुढेच आहे. पुढच्या रविवारी प्रवीण आला नाही, तसे सरही आले नाहीत. नंतर कळलं की ते हातोड्या आणि लाकडी ठोकळे घेऊन सरळ प्रवीणच्या घरी जाऊन बसले होते. पुट्टी खरवडून काढली, आतून ठोकून ठोकून पत्रा मूळच्या रेषेत आणला, अनेक रविवार त्यात घातले, चहाखेरीज काही घेतलं नाही. माफीचा एक शब्दही बोलले नाहीत. प्रवीण मला म्हणाला, ‘काम बघितलं की राग येत नाही. माणूस बघितला की येतो.’

त्यांची माया पत्र्यावर होती. माणसं त्या पत्र्याच्या आत बसतात, एवढाच त्यांचा माणसांशी संबंध. हे मी रागाने लिहितोय असं वाटेल, आणि राग आहेच. शैलावहिनींना पाहिलेल्या कुणालाही तो येईल.

शैलावहिनी सरांच्या पत्नी. बुटक्या, गोऱ्या, माहेर बेळगावचं. सरांच्या व्हॅनमध्ये त्यांची जागा कुठे, हे सांगायला हवं. ड्रायव्हरशेजारची डावी सीट सरांनी काढून टाकली होती. इंजिन त्याच बाजूला, तेव्हा चालता चालता त्याचं झाकण उघडून आवाज ऐकता यावा म्हणून सीटऐवजी तिथे त्यांनी सरकणारी हत्यारांची पेटी बसवली. मागची जागा टेबल, नळ आणि कुकरने घेतलेली. उरला एक बाक, ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून, मागच्या काचेकडे तोंड केलेला. गाडी पुढे धावायची आणि वहिनी मागचा रस्ता बघत बसायच्या. त्यांना उलटं बसलं की मळमळायचं. अर्ध्या तासात ओकारी ठरलेली.

त्यांची मागणी एकच होती. पुढे तोंड असलेली एक सीट. कशीही, कुठेही, साधी लाकडी फळी असली तरी चालेल.

‘होईल,’ सर म्हणायचे. ‘करायची तर नीट करू.’

मग परातीचं झाकण झालं, नळ झाला, कुकरचा सीटबेल्ट झाला. सीट होत नव्हती.

एकदा आम्ही सगळे आनेकलच्या पुढे एका मळ्यात गाड्या घेऊन गेलो. सरांची व्हॅन थांबल्याबरोबर वहिनी उतरल्या, तोंडाला पदर लावून बांधाआड गेल्या. परत आल्या तेव्हा पंधरावीस माणसं सरांच्या नळाभोवती जमली होती. वहिनींनी वाट काढली, वाकून नळाखाली ओंजळ धरली आणि चुळा भरायला लागल्या. त्या नळ बंद करणार इतक्यात सर म्हणाले, ‘शैला, अजून जरा चालू ठेव. यांना प्रेशर दिसू दे.’

त्यांनी ठेवला. चेहरा ओला, पापण्या मिटलेल्या, हात नळाखाली तसेच. लोक पाण्याची धार बघत होते.

त्या दिवशी जेवणानंतर मी त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, ‘वहिनी, बेळगावला तरी रेल्वेने जात जा. रात्री झोपायचं, सकाळी घरी.’

‘गेले की दोनदा,’ त्या म्हणाल्या. ‘घरात गाडी असताना मी तिकीट काढलं, म्हणजे चारचौघांत त्यांच्या तोंडावर थुंकले म्हणे. परत आले तर गाडी झाकून ठेवलेली. महिनाभर तिला हात लावला नाही, माझ्याशी बोलले नाहीत. मग सोडलंच मी.’

‘मग आईला कधी भेटता?’

‘वर्षातून एकदा. दिवसभर उलटी बसून जाते, पुढे दोन दिवस अंथरुणात असते. ती म्हातारी नव्वदीची, आणि तीच माझं डोकं चेपत बसते.’ त्या हसल्या. ‘सीट झाली की सारखी जाणार आहे. तिला कबूल केलंय मी. ती पण दर फोनला विचारते, झाली का गं सीट?’

ही गोष्ट सरांना माहीत नव्हती असं नाही. त्यांना सगळं माहीत होतं. पण साधी फळी ठोकून दिली असती तर ते त्यांच्या हाताला शोभणारं काम झालं नसतं. त्यांना हवी होती पूर्ण गोल फिरणारी सीट, आणि तिचा पाया बाजारात मिळत नव्हता. परदेशी व्हॅनमध्ये असतो तसला पाया ते वर्षानुवर्षं भंगारांतून शोधत होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. वहिनींना तर कधी सांगितलंच नव्हतं.

मग एका सकाळी वहिनींच्या भावाचा, अरुणचा, बेळगावहून फोन आला. आईचं काही खरं नाही, लगेच निघा, ती सारखी तुझं नाव घेतेय. सर लगेच उठले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. वहिनींची पिशवी भरून होईपर्यंत गाडी दारात उभी होती. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, कुठेही न थांबता ते गेले. वहिनी मागे तोंड करून बसलेल्या, मांडीवर प्लास्टिकची पिशवी.

हुबळीच्या अलीकडे रस्त्याकडेला एक भंगारवाला आहे. त्याच्या आवारात एक परदेशी व्हॅन पडली होती, पुढून पार चेचलेली. सरांनी गाडी बाजूला घेतली. ‘पाच मिनिटं,’ म्हणाले. नट गंजलेले होते. त्यांनी रॉकेल ओतलं, पाना लावला, पाना घसरला, भंगारवाल्याकडून लांब नळी आणून पान्याला लावली. दुपार तशीच गेली. वहिनी उतरून एकदा त्यांच्याजवळ जाऊन आल्या. ‘अहो, चला ना.’

‘झालंच. आता एकच राहिला.’

अरुणचा पुढचा फोन आला तेव्हा तो एकच राहिलेला नट सुटत होता. वहिनींनी फोन ऐकला आणि गाडीत जाऊन बसल्या. सरांनी काढलेला लोखंडी सांगाडा गोणपाटात गुंडाळून आत ठेवला, वहिनींच्या पायाशी, कारण दुसरीकडे जागा नव्हती. तिथून बेळगावपर्यंत त्या त्याच्यावर पाय ठेवून बसल्या. पोचल्या तेव्हा आईला अंगणात काढलं होतं.

हे मला पुढे वहिनींनीच फोनवर सांगितलं, आवाज न चढवता. सरांनी आम्हाला सांगितलं ते असं. दिवसकार्य आटोपून ते एकटेच परतले आणि रविवारी आले. प्रवीणने विचारलं, ‘अक्का कुठं?’

‘राहिलीय थोडे दिवस. सासूबाई गेल्या.’ मग त्यांचे डोळे चमकले. ‘पण वाटेत जो माल हाताला लागला ना, तुम्ही जन्मात बघितला नसेल.’

आणि आम्ही, लाज वाटते सांगायला, आम्ही सगळे पुढे सरकलो. काय मिळालं, कुठल्या गाडीचं, कसं काढलं. नट किती गंजले होते ते त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. काय मिळालं ते मात्र सांगितलं नाही. सासूबाई राहिल्या बाजूला.

थोडे दिवस म्हणता म्हणता पावसाळा गेला. वहिनी येईनात. सर त्यांना फोन करत की नाही ते कळायला मार्ग नव्हता. रविवारी येत, कुणाच्या तरी गाडीची लक्तरं काढत आणि लवकर निघून जात. मग एक दिवस त्यांनी मला घरी बोलावलं.

सीट झाली होती. मी अनेक गाड्या बघितल्या, अनेक वेडे बघितले, पण तसं काम पुन्हा बघितलं नाही. इंजिनावरची हत्यारांची पेटी त्यांनी काढून टाकली होती, चालता चालता इंजिन ऐकायचा हक्क सोडला होता. त्या जागी, स्वतःच्या शेजारी, ही सीट. करंगळीने ढकलली तरी गोल फिरायची आणि हव्या त्या दिशेला टक् करून बसायची. पाय टेकायला उतरती फळी, वहिनींच्या उंचीच्या मापाची. खोळ गर्द निळ्या इरकलीची. प्रवीणच्या दुकानात सगळे गठ्ठे उलथेपालथे करून त्यांनी ती निवडली होती. ‘तिची आई असलीच लुगडी नेसायची,’ ते म्हणाले.

मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, आपण या माणसाला उगाच शिव्या दिल्या.

‘उद्या बेळगावला जायचं, तिला आणायला,’ सर म्हणाले. ‘तू चल. तुझ्यासमोर ती भांडणार नाही.’

गेलो. नव्या सीटवर त्यांनी मला बसू दिलं नाही, तिच्यावर पहिल्यांदा शैलाच बसणार. मी उलट्या बाकावर. तुमकूर यायच्या आत मी गाडी थांबवायला लावून रस्त्याच्या कडेला ओकलो. सर खिडकीतून म्हणाले, ‘सकाळी खाऊन आलास का काही?’

बेळगावात शहापुरातल्या घरासमोर गाडी उभी राहिली. वहिनी बाहेर आल्या. वाळल्या होत्या, पण चेहरा शांत होता. सरांनी डावं दार उघडलं, सीट बाहेरच्या बाजूला वळवली आणि हात पुढे केला. वहिनी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. इरकलीवरून एकदा हात फिरवला. मग बसल्या. सरांनी सीट पुढे वळवली. टक् झालं.

‘एक चक्कर मारून आणा,’ वहिनी म्हणाल्या.

मी आपला मागच्या बाकावर, पाठ त्यांच्याकडे. त्यामुळे पुढचं सगळं मी फक्त ऐकलं. गाडी किल्ल्याच्या बाजूला वळली.

‘समोरून येणाऱ्या गाड्या किती अंगावर येतात हो,’ वहिनी म्हणाल्या आणि चक्क हसल्या. ‘मला सवयच नाही.’

‘होईल सवय. पाय टेकतात ना?’

‘टेकतात की. बरोबर टेकतात.’

‘मळमळतंय?’

‘नाही हो. अजिबात नाही.’

मनात म्हटलं, जमलं. आता ही बाई येणार. मला तर परततानाची बसायची व्यवस्थासुद्धा दिसायला लागली. आणि तेवढ्यात सरांना राहवलं नाही.

‘खालचा सांगाडा कुठला, ओळख.’

‘मला काय कळणार त्यातलं?’

‘अगं, त्या दिवशी हुबळीच्या अलीकडे थांबलो नव्हतो का, तो. गोणपाटात गुंडाळून तुझ्या पायाशी ठेवला होता. तुला बोललो नाही तेव्हा. म्हटलं, पूर्ण झाल्यावरच दाखवू. इतकी वर्षं शोधत होतो. त्या दिवशी पुढे गेलो असतो तर दुसऱ्या कुणीतरी नेला असता. तुझ्यासाठी थांबलो होतो मी.’

गाडी चालत होती. मागच्या काचेतून किल्ल्याची भिंत लांब लांब जाताना दिसत होती. वळून बघायचा मला धीर झाला नाही.

‘माझ्यासाठी,’ वहिनी म्हणाल्या.

‘मग काय तर.’

‘घरी सोडा मला.’

घरासमोर त्यांनी स्वतःच सीट फिरवली, उतरल्या, दार हलक्या हाताने लावलं आणि आत गेल्या. सरांनी इंजिन बंद केलं नाही. ‘बॅग भरायला गेली,’ मला म्हणाले. ‘मागचं टेबल दुमडून ठेव, बॅगेला जागा लागेल.’ मी टेबल दुमडलं. मी का दुमडलं कोण जाणे.

बऱ्याच वेळाने अरुण बाहेर आला, हातात चहाचे दोन पेले. आत या म्हणाला नाही. दोन्ही पेले त्याने खिडकीतून दिले.

‘ताईनं सांगितलंय, सीट फार छान झालीय म्हणून,’ तो म्हणाला. ‘तुम्ही चहा घ्या आणि सावकाश जा. वाटेत घाट नाही, पण ट्रक फार असतात हल्ली.’

तो पेल्यांसाठीही थांबला नाही, आत गेला आणि दार लावून घेतलं.

सर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. ‘ऐकलंस? फार छान, म्हणाली. तीस वर्षांत माझ्या एका कामाला तिने छान म्हटलेलं नाही.’

‘सर,’ मी म्हटलं, ‘वहिनी येत नाहीयेत.’

‘येईल रे. सीट आवडली म्हणाली ना?’

मला दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. मी त्यांना चला म्हटलं, दोनदा म्हटलं, शेवटी रेल्वे स्टेशनला जायला रिक्षा बोलावली. गल्लीच्या टोकाला वळताना मागे बघितलं. व्हॅन तिथेच उभी होती, डावं दार सताड उघडं. रस्त्याने जाणारी चारपाच माणसं तिच्याभोवती थांबली होती, आणि सबनीस सर सीट एका बोटाने गोल फिरवून त्यांना दाखवत होते.